मागच्या सीटवरून तळोजा

तळोज्याला रोज हजारो माणसं जातात, पण तळोज्याचं प्रवासवर्णन काही माझ्या वाचनात आलेलं नाही. कारण साधं आहे. सगळे झोपेत जातात. मी स्वतः अकरा वर्षं कोपरखैरण्याहून कंपनीच्या बसने तळोज्याला जातोय. बसमध्ये चढायचं, डोकं काचेला टेकवायचं, तोंड थोडं उघडं ठेवायचं, की डोळे उघडतात ते थेट गेटवर. मधल्या पंचवीस किलोमीटरात काय आहे असं कोणी विचारलं असतं, तर मी 'बहुतेक काही नाही' असंच सांगितलं असतं.

ते पंचवीस किलोमीटर मागच्या जानेवारीत एका शुक्रवारी मी पहिल्यांदा टक्क डोळ्यांनी पाहिले. बायकोच्या मागे, मोपेडवर बसून. डोळे मिटायची हिंमतच नव्हती. माझ्या माहितीतले लोक काश्मीरला जाऊन आले, एक जण तर नेपाळला जाऊन कॅसेट प्लेअर घेऊन आला. पण आपल्या बायकोच्या मागे बसून तळोज्याला गेलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. तेव्हा ज्यांना हा योग आलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

निघण्यापूर्वी

आधी घरची ओळख. मी फिटर. मूळचा साताऱ्याकडचा. कंपनीत पंप उघडणं आणि जोडणं हे माझं काम, आणि ते मला झकास येतं. बायको नंदा. ती कराडच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली, विषय केमिस्ट्री. मी बारावी आणि आयटीआय. लग्नाच्या वेळी आमच्या आत्याने 'मुलगी जरा जास्तच शिकलीय' म्हणून नाक मुरडलं होतं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात 'असू दे की' म्हणालो होतो. पुढे बारा वर्षं ते 'असू दे' तसंच असू दिलं. नंदा सेक्टरमधल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची आणि आमची पिंकी तिसरीत पहिली यायची. बीएस्सीचा एवढा उपयोग आम्हाला पुरेसा वाटत होता. आम्हाला म्हणजे मला.

डिसेंबरात एक लिफाफा आला. तळोज्याच्याच एका केमिकल कंपनीने नंदाला लॅबोरेटरीत केमिस्ट म्हणून घेतलं होतं. माझ्या कंपनीपासून चार गेट पुढे. मी उडालोच.

"तू अर्ज कधी केलास?"

"तुम्हाला सांगून केला."

"मला?"

"पेपर वाचत होतात. तुम्ही 'हं' म्हणालात."

"आणि मुलाखत?"

"मॅच बघत होतात. तेव्हाही 'हं' म्हणालात."

इथे मला कबूल केलं पाहिजे, की संसारात माझं सगळ्यात मोठं योगदान म्हणजे 'हं'. नंदा बोलते, मी हं म्हणतो. दूध संपलं, हं. पिंकीच्या बाईंनी बोलावलंय, हं. माझ्या हुंकाराला अर्थ नसतो हे मला माहीत होतं, पण कागदोपत्री तो होकार धरला जातो हे माहीत नव्हतं.

पत्रावर सही करून ते जानेवारीतल्या पहिल्या शुक्रवारपर्यंत कंपनीच्या गेटवर पोचवायचं होतं. आता मनातलं सांगतो. मला आनंद झाला होता आणि धास्तीही वाटत होती. तळोज्यात माणसाच्या दोनच जाती, स्टाफ आणि वर्कर. स्टाफच्या कॅन्टीनला खुर्च्या, आमच्या कॅन्टीनला बाकडी. नंदा पहिल्या दिवसापासून खुर्चीवर बसणार होती. मी दर एक जानेवारीला डायरीत संकल्प लिहितो, 'वजन कमी करणे, इंग्रजी बोलणे, फोरमन होणे'. सात वर्षं तेच तीन लिहितोय, अक्षर तेवढं सुधारलंय. आणि हिने डायरीत एक ओळ न लिहिता थेट केमिस्ट व्हायचं? लोक मला 'केमिस्ट मॅडमचे मिस्टर' म्हणणार, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलं.

पण 'नको' म्हणायला तोंड नव्हतं. मग मी अडचण शोधली. त्या कंपनीची बस फक्त पनवेलहून सुटायची. कोपरखैरण्याहून जायचं तर स्वतःच्या गाडीने. घरात गाडी म्हणजे मेव्हण्याने दिलेली पोपटी रंगाची मोपेड, आणि नंदा ती भाजीमार्केटच्या पलीकडे कधी नेत नसे. मी फार मोठं मन दाखवल्यासारखं म्हणालो, "हे बघ, माझी ना नाही. आधी मला मागे बसवून तळोज्याला नेऊन आण. मग बघू."

मला वाटलं विषय संपला. नंदा भांडी विसळत होती, ती न वळताच म्हणाली, "शुक्रवारी तुमची सुट्टी आहे. आठला निघू."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वर तिने आपल्याही दोन अटी घातल्या. वाटेत मी गाडीला हात लावायचा नाही आणि 'ब्रेक' हा शब्द उच्चारायचा नाही.

कोपरखैरणे

नंदाने त्या दिवशी पंजाबी ड्रेस घातला. आमच्या चाळवजा सोसायटीत तोवर फक्त कॉलेजच्या पोरी तो घालायच्या. खाली उतरलो तर गॅलऱ्या भरलेल्या. शेजारच्या माने वहिनींनी पिंकीला आपल्याकडे ठेवून घेतलं होतं, त्या तिला उचलून दाखवत होत्या, "बघ, आई बाबांना फिरवायला नेते."

पहिली अडचण गाडीवर बसतानाच आली. मागे बसलेल्या नवऱ्याने हात कुठे ठेवायचे? खांद्यावर ठेवावेत तर गॅलरी बघतेय, कमरेला धरावं तर गॅलरी टाळ्याच वाजवेल. आमच्या साताऱ्याकडे याची काही रीत ठरलेली नाही. तिकडे बाजाराला निघालं की बाप्ये पुढे आणि बायका दहा पावलं मागे, त्यामुळे कोणी कोणाला धरायचा प्रश्नच येत नाही. शेवटी मी एका हाताने कॅरिअर धरला. दुसऱ्या हाताला नंदाने काम दिलं.

"ही ओढणी धरा. चाकात जाता कामा नये. सोडू नका."

अशा रीतीने अकरा वर्षांचा अनुभव असलेला फिटर ओढणी धरून तळोज्याला निघाला.

तुर्भे, नेरूळ

ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलो आणि मी पाहत सुटलो. डाव्या हाताला डोंगर! म्हणजे आहेत हे मला माहीत होतं, नकाशात असतात तसे. पण सकाळच्या उन्हात ते इतके जवळ येतात, खाणींनी त्यांच्या पोटाला घेतलेले चावे गुलाबी दिसतात, आणि चिमण्यांचा धूर एका रांगेत एकाच दिशेला कलतो, हे अकरा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. एका कंपनीच्या कुंपणाआत चक्क मोर होता. मी ओरडलो, "मोर!" नंदाला ऐकू आलं 'मोरी', आणि तिने गाडी बाजूला घेतली.

माझा उजवा पाय मात्र सारखा खाली दाबला जात होता. तिथे ब्रेक नव्हता, नुसती हवा होती. ट्रक जवळ आला की मी हवा दाबायचो. तुर्भ्याच्या नाक्यावर तर इतकी जोरात दाबली की चप्पल निसटून रस्त्यावर पडली आणि एका म्हाताऱ्या सायकलवाल्याने ती पायाने उडवून माझ्याकडे पोचवली. नंदा तीस-पस्तीसच्या वर जात नव्हती. खरं सांगायचं तर ती फार छान चालवत होती. वळताना हात दाखवत होती, खड्डा दिसला की आधीच वेग कमी करत होती. मी चूक शोधायला बसलो होतो, आणि नेरूळपर्यंत मला एकही सापडली नाही याचा मला राग येऊ लागला.

नेरूळच्या पुढे गाडी फटफट करून बंद पडली. प्लगमध्ये कचरा, मला आवाजावरूनच कळलं. माझी बोटं शिवशिवू लागली. पण अट. नंदाने पर्समधून पाना काढला, प्लग उतरवला, पॉलिश पेपरचा तुकडा काढला आणि घासायला बसली. पर्समध्ये पॉलिश पेपर! मी ओढणी धरून उभा. बघता बघता सहा-सात जण जमले आणि प्रत्येक जण मला सल्ला देऊ लागला. एक ट्रक ड्रायव्हर तर खाली उतरून म्हणाला, "भाईसाब, भाभीजी काम कर रही हैं और आप कपड़ा पकड़ के खड़े हो?"

मी म्हणालो, "भाईसाब, मैं फिटर हूँ."

त्यावर सगळे इतके हसले की मलाही हसू फुटलं. दुसऱ्याच किकला गाडी सुरू झाली. नंदाच्या गालावर काळा डाग लागला होता आणि तो मी तिला मुद्दाम सांगितला नाही. फार शोभत होता.

खारघर

बेलापूरचा डोंगर मागे टाकला की डावीकडे खारघरची शेतं लागतात. भात कापून झालेलं, खाचरात पिवळे खुंट, मध्येच सिडकोचे हद्दीचे दगड रोवलेले. तिथे रस्त्याकडेला एका आगरी बाईने झावळ्यांचा मांडव घालून चूल मांडली होती. नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. आमच्या पिशवीत घरचे धपाटे होते, पण तो वास आला आणि धपाटे पिशवीतच राहिले.

ज्वारीच्या भाकरीचा थापताना आवाज येतो. आमच्या गावी गल्लीच्या तोंडाशी पोचलं की कोणाच्या घरी भाकरी चाललीय ते कळतं. ही बाई तांदळाचा गोळा दोन तळव्यांत घेऊन नुसती फिरवत होती, आवाज नाही की काही नाही, आणि बघता बघता चंद्राएवढी भाकरी तव्यावर. मी चार खाल्ल्या. चटणीने डोळ्यांत पाणी आलं, तरी पाचवी घेतली. वजन कमी करण्याच्या संकल्पाला त्या वर्षी खारघरात जलसमाधी मिळाली.

बाईंनी गाडीकडे पाहिलं, मग आम्हा दोघांकडे. "गारी कोन चालवतं? तू का ही?"

"ही," मी म्हणालो. मग उगाच जोडलं, "आज फक्त. ट्रायल आहे."

"तं लाजतस कनाला?" बाई खो खो हसल्या. "माजी आजी होरी वल्हवायची खारीन. आजा मागं बसं, जाली धरून. ज्याचे हातान जाली हाय, त्याना गप बसाचा. हाललास तं मासली जाते."

नंदाला हे इतकं आवडलं की तिने बाईंकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं. पुढे कळंबोलीपर्यंत मी जरा हललो की ती पुढून ओरडायची, "मासली जाते हं!" आणि आम्ही दोघंही हसायचो. लग्नानंतर पहिल्या वर्षी हसायचो तसं. मधल्या काळात आम्ही भांडत होतो असं नाही, पण हसायला कारण लागतं आणि ते शोधायला वेळ काढावा लागतो, तो आम्ही काढला नव्हता.

कळंबोली

सगळं इतकं मजेत चाललं होतं की मी ती धास्ती विसरूनच गेलो होतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारापाशी ट्रेलर आडवा आल्यामुळे गाड्या थांबल्या आणि आमच्या शेजारी एक कंपनीची बस येऊन उभी राहिली. आमच्या कंपनीची नव्हे, पण तळोज्याचीच. खिडकीतून एक डोकं बाहेर आलं, मग दुसरं, मग अख्खी बाजू.

"ए, बघ बघ! मागे कोन बसलंय!"

"काय बॉस, लायसन जप्त झालं काय?"

"वहिनी, आमाला पन सोडा की गेटपर्यंत!"

मी धपाट्यांची पिशवी तोंडासमोर धरली. पोरं वाईट नव्हती, मीही बसमध्ये असतो तर हेच ओरडलो असतो. पण कान गरम झाले. वाटलं, हे आजचं एका दिवसाचं. ही नोकरीला लागली की हे रोजचं होईल, मी गाडीवर असो वा नसो. नंदा पुढे ताठ बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण गाड्या सुटताच तिने मोपेड जरा जोरातच पुढे काढली. 

पुलाचा चढ

तळोज्याच्या अलीकडे, साधारण तीन किलोमीटरवर, पुलाचा एक चढ आहे. आमच्या मोपेडला दोन माणसं आणि पाच भाकऱ्या तिथे झेपेनात. गाडी धापा टाकू लागली. नंदा म्हणाली, "अहो, जरा उतरता का? वर गेल्यावर बसा."

मी उतरलो, मागून धक्का दिला. धक्का अंमळ जोरातच बसला. गाडीने एक हिसका घेतला आणि निघाली. चढ चढली, माथ्यावर पोचली आणि पलीकडे दिसेनाशी झाली.

नंदाला वाटलं तो हिसका मी बसल्याचाच.

"अगं ए! नंदा! अगं मी राहिलो!" मी धावलो. पाच भाकऱ्या पोटात घेऊन माणूस फार धावू शकत नाही. माथ्यावर पोचलो तेव्हा ती खाली सरळ रस्त्यावर होती, दोन्ही बाजूंना ट्रेलर, मध्ये पोपटी ठिपका. ओढणी मागे फडफडत होती. मी तिथेच कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. ओरडायचं सुचेना. बारा वर्षांत तिला मी अशी लांबून, एकटीला कधी पाहिलीच नव्हती.

मागून पेंढ्याने भरलेला एक टेम्पो आला आणि थांबला. चालवणारे काका म्हातारे, गळ्यात सोन्याची जाड चेन. "काय रं, कोन टाकून गेला?"

"बायको."

"भांडान झाला का?"

"नाही हो. तिला वाटतंय मी मागे बसलोय."

काकांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुढे त्यांची म्हातारी बसलेली, म्हणून मला पेंढ्यावर चढायला सांगितलं. तळोजा एमआयडीसीत मी अनेक तऱ्हेने गेलोय, पण पेंढ्यावर आडवा पडून, आभाळाकडे बघत, पहिल्यांदाच. वरून मला आमच्या कंपनीचं छप्पर दिसलं. त्यावर गवत उगवलं होतं.

तळोजा

काकांना मी वळणाच्या अलीकडेच थांबायला सांगितलं. पेंढ्यावरून उतरताना बायकोने बघू नये एवढी अब्रू शिल्लक होती. कपडे झटकले आणि चालत वळण घेतलं.

नंदा तिच्या नव्या कंपनीच्या गेटसमोर गाडी लावून उभी होती. हातात पत्र. गालावर तो काळा डाग तसाच. आणि चेहरा असा की मी सगळं विसरलो. पोरगी बोर्डात आली तर असा चेहरा होतो. ती हे पंचवीस किलोमीटर स्वतः चालवत आली होती.

"कुठे होतात?"

खरं बोलायचं होतं. पण खरं बोलावं तर ती म्हणणार, म्हणजे तुम्हाला पोचवायची अट मोडली. आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघून अट मोडू देणार नव्हतो. हे मला त्या क्षणीच कळलं, आणि कळून माझं मलाच नवल वाटलं.

"इथेच. वळणावर उतरलो, पाय मोकळे करायला. तू आपली पुढे आलीस."

"म्हणजे वळणापर्यंत मागे होतात?"

"होतोच की."

"मग मी वाटेत जे विचारलं, ते ऐकलंत?"

 "ऐकलं."

"तिन्ही प्रश्न?"

तीन? तीन किलोमीटरात तीन? "तिन्ही ऐकले."

"आणि तुमचं उत्तर?"

आता 'हं' चालणार नव्हतं. "हो," मी म्हणालो.

"तिन्हींना?"

"तिन्हींना हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे करून माझ्या कानामागून काहीतरी काढलं, ते खाली टाकलं, आणि वळून गेटकडे गेली. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. तिने नाव लिहिलं, सही केली आणि पत्र खिडकीतून आत दिलं. वॉचमन म्हणाला, "सोमवारी साडेआठ, मॅडम." मॅडम! मी गेटबाहेर उभा होतो आणि मला वेड्यासारखं हसू येत होतं.

परतताना

गेटच्या पुढे एका शिरीषाखाली चहाची टपरी आहे. अकरा वर्षं मी तिथे चहा पितो, नंदाला कधी आणलं नव्हतं. दोन कटिंग घेतले, धपाटे सोडले.

"तुमच्या कानामागे पेंढा होता," नंदा म्हणाली.

मी चहाकडे बघू लागलो.

"पुलाच्या पुढे अर्ध्या किलोमीटरवर ओढणी माझ्या तोंडावर आली. तेव्हा कळलं, मागे कोणी नाही."

"मग थांबायचं नाही का?"

"मागे ट्रेलर होता, वळायला जागा नव्हती."  मग तिला हसू आवरेना. "आणि खरं सांगू? बोलणं इतकं छान चाललं होतं! पहिला प्रश्न विचारला तेव्हा गाडीने 'हं' केलं. मला वाटलं तुम्हीच. हुबेहूब तुमच्यासारखं. मग तुम्ही नाही हे कळलं, तरी म्हटलं उरलेलं पण विचारून घ्यावं."

टपरीवाल्याने वळून बघितलं इतके आम्ही हसलो. मग मी म्हणालो, "आता सांग तरी, मी कशाकशाला हो म्हणून बसलोय?"

"पहिला, मी ही नोकरी धरू ना."

"बरोबर. हो."

"दुसरा, सकाळचे डबे आणि पिंकीची वेणी तुम्ही घालाल का."

"वेणी?"

"तिन्हींना हो म्हणालात."

"बरं. वेणी. पंपापेक्षा अवघड नसेल." ती अवघड आहे हे मी आज अनुभवाने सांगतो. "आणि तिसरा?"

नंदा धपाट्याचा तुकडा मोडत राहिली. हसू गेलं होतं. "तिसरा असा होता, की मी तुमच्या पुढे गेले तर तुम्हाला वाईट वाटेल का."

आणि मी गेटवर, छातीठोकपणे, हो म्हणालो होतो.

"न ऐकता म्हणालात, ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "म्हणून तर पत्र दिलं. पण आता ऐकलंत. आता सांगा."

खोटं सांगणं सोपं होतं. छे छे, मला कशाला वाईट वाटेल, असं म्हणून दुसरा चहा मागवता आला असता. पण समोर बसलेली बाई माझं 'हं' आणि इंजिनचं 'हं' यांत फरक करायला आजच शिकली होती.

"वाटेल," मी म्हणालो. "थोडं वाटेल. मघाशी कळंबोलीला ती पोरं ओरडली तेव्हा पण वाटलं."

"मला कळलं होतं."

"पण तू पुलावरून गेलीस ना, तेव्हा मी वर उभा राहून बघत होतो. तुला पुन्हा हाक मारायचं राहूनच गेलं. लई भारी गेलीस, नंदे."

'नंदे' मी लग्न ठरल्यावर एकदा म्हणालो होतो आणि मग घरात मोठी माणसं म्हणून सोडून दिलं होतं. तिने चहाचा ग्लास खाली ठेवला, गालावरचा डाग पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले आणि डाग आणखी पसरवला. मग उठून गाडी स्टँडवरून काढली. मी मागे बसलो. या वेळी हात खांद्यावर ठेवला, बघणारे बघोत. नंदाने किक मारली, पण लगेच निघाली नाही. एक हात मागे केला, माझा गुडघा नीट चाचपून पाहिला, आणि मगच गाडी सोडली.